उपरण्याखालची बोटे

मराठी भाषेला गरजेसाठी शब्दांची वाण कधी पडली नाही. गरज आहे, नड आहे, निकड आहे, अडचण आहे, आणि अर्जात किंवा सभेच्या ठरावात वापरायला आवश्यकता आहे; पण हे सारे शब्द एकाच अर्थाची निरनिराळी वस्त्रे आहेत असे जो समजेल, त्याने सावकाराच्या ओट्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे कधी ऐकलेले नसावे. तेथे 'मला पैशांची आवश्यकता आहे' असे कोणी म्हणत नाही. डोईचा पटका सोडून हातात घेतलेला तो माणूस जमिनीकडे पाहत, शब्द अर्धवट गिळत, 'जरा नड आलीया, भागवा' एवढेच म्हणतो. आवश्यकतेला मान वर करून बोलता येते. नडीला येत नाही. एकाच अभावाची ही दोन नावे आहेत खरी, पण त्या दोन नावांमध्ये माणसाच्या मानेचे सारे अंतर साठलेले आहे.

शब्दांच्या मुळाशी गेले तर हे अंतर अधिकच विचार करायला लावते. 'आवश्यक' हा शब्द 'अवश्य' यातून आला, आणि अवश्य म्हणजे जे वश होत नाही, आपल्या इच्छेपुढे जे वाकत नाही, ते. उलट 'गरज' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरांत आणि तेथून आपल्या घरांत आला. त्याच्या मूळ भाषेत त्याचा अर्थ लक्ष्य, हेतू, नेम धरण्याची जागा असा आहे. एका शब्दात माणसाचा निरुपाय आहे आणि दुसऱ्यात त्याचा नेम आहे; एक सांगतो की येथे तुझे काही चालणार नाही, आणि दुसरा सांगतो की येथे तुला पोहोचायचे आहे. गरजेची जी शक्ती म्हणून आपण वाखाणतो किंवा जिला भितो, ती या दोन अर्थांच्या मध्ये कोठेतरी वसलेली असते, आणि ती माणसाला कोणत्या बाजूला नेईल हे केवळ गरजेच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, असे मला दीर्घकाळच्या अनुभवाने वाटू लागले आहे.

आपल्या म्हणींनी तर या बाबतीत निकाल आधीच देऊन ठेवला आहे. गरजवंताला अक्कल नसते. अडला हरी गाढवाचे पाय धरी. गरज सरो नि वैद्य मरो. पहिली म्हण गरजवंताला मूर्ख ठरवते, दुसरी लाचार ठरवते आणि तिसरी कृतघ्न ठरवते. या तिन्ही म्हणी कान देऊन ऐकल्या तर त्या ओट्यावर बसलेल्याने रचल्या आहेत, ओट्याखाली उभ्या असलेल्याने नव्हे, हे सहज ध्यानात येते. शाळेच्या निबंधात मात्र गरज एकदम शोधाची जननी होऊन बसते, आणि या जननीची किती अपत्ये जन्मण्यापूर्वीच उपासमारीने गेली याची नोंद त्या निबंधात कधी नसते. निंदा करणाऱ्या म्हणी आणि गौरव करणारे सुभाषित या दोहोंच्या मधली गरज मी पाहिली आहे, आणि तिच्याविषयीच मला सांगायचे आहे.

मला गरजेचे पहिले दर्शन घडले ते उपरण्याने झाकलेले. ते साल १९७२. आमचा मुलूख माणदेशाचा. पावसाने हुलकावणी देणे हे तेथे नवलाचे नव्हते, पण लागोपाठच्या वर्षांनी पेव आणि कणगी दोन्ही खरवडून नेल्यावर आलेले हे वर्ष वेगळे होते. आजही त्या पिढीची माणसे सांगतात की बहात्तरला प्यायला पाणी होते, खायला दाणा नव्हता. माणसांना दाणा नाही तेथे जनावरांना वैरण कोठून असणार? आमच्या परड्यात कडब्याची गंज होती, ती रोज वीतभर खाली येत होती, आणि तिच्या उतरत्या उंचीकडे वडील रोज संध्याकाळी, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, नजर टाकीत असत. एके दिवशी गंज संपली नव्हती, पण तिच्यामागची भिंत दिसू लागली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनी खिल्लार जोडी सोडली आणि मला बरोबर घेऊन ते बाजाराला निघाले. मी त्या वेळी नऊ वर्षांचा होतो.

गुरांच्या बाजारात त्या काळी भाव तोंडाने बोलला जात नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहत, त्यांनी हातात घेतलेल्या हातांवर उपरणे किंवा धोतराचा सोगा टाकला जाई, आणि त्या झाकणाखाली एकमेकांची बोटे दाबून आकडे सांगितले जात. भोवती उभ्या असलेल्यांना सौदा कळू नये, भाव बाजारात फुटू नये, हा त्या रितीमागचा हिशेब. आमच्या जोडीजवळ एक हेडी आला; त्याने वशिंडावरून हात फिरवला, दात पाहिले, खूर उचलून पाहिले, आणि मग तो जनावराकडे पाहण्याचे सोडून वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहू लागला. माझ्या मनावर तो क्षण आजही कोरलेला आहे. बैलांची परीक्षा झाली होती. आता विकणाऱ्याची परीक्षा चालली होती. त्याने उपरणे टाकले. त्याच्याखाली काय चालले ते मला दिसत नव्हते. वडिलांचा चेहरा मात्र दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरून एकामागून एक दिवे मालवले जावेत तसे काहीतरी होत गेले. वडिलांनी दोनदा हात सोडवून घेतला, आणि दोन्ही वेळा तो त्यांनी आपण होऊन परत दिला. दोन वर्षांपूर्वी ज्या किमतीला दारात मागणी आलेली असताना त्यांनी नाही म्हटले होते, तिच्या निम्म्याहूनही कमी पैशांना ती जोडी गेली.

आज विचार करताना वाटते की त्या उपरण्याखाली बैलांचा भाव ठरतच नव्हता. बैल तेच होते. त्यांचे खांदे तेवढेच रुंद आणि शिंगे तेवढीच डौलदार होती. ठरत होता तो आमच्या परड्यातल्या गंजीच्या उंचीचा भाव. समोरच्याला ती उंची वडिलांच्या चेहऱ्यावर वाचता आली, आणि वाचलेले त्याने झाकणाखाली वटवले. गरज एकट्याला गाठते, ती लपवावी लागते, आणि नेमके ज्याच्यापासून लपवायची त्यालाच ती दिसते. माणसाला वाकवण्याचे तिचे सामर्थ्य या तीन गोष्टी एकत्र येण्यात आहे. गरजवंताला अक्कल नसते असे नव्हे. आपण लुटले जात आहोत हे वडिलांना पुरते कळत होते. त्या कळण्याचा त्या घडीला उपयोग नव्हता, एवढेच.

पुढे बऱ्याच वर्षांनी छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची कथा वाचली, तेव्हा या प्रसंगाला प्रथमच उत्तर मिळाल्यासारखे वाटले. गारपिटीने कुरुदेशातली पिके झोडपली गेली होती, आणि हा विद्वान ब्राह्मण आपल्या तरुण पत्नीसह एका हत्तीवाल्याच्या गावी दैन्यावस्थेत राहत होता. हत्तीवाला कुल्माष, म्हणजे आपण ज्यांना घुगऱ्या म्हणू तसे काहीसे, खात बसला होता. उषस्तीने त्याच्यापाशी तेच मागितले. माझ्यापुढे आहेत तेवढेच आहेत, तो म्हणाला, आणि त्याने आपल्या उष्ट्या घुगऱ्या त्याला दिल्या. मग त्याने प्यायला पाणी पुढे केले, तेव्हा उषस्तीने ते नाकारले. कारण ते उष्टे झाले असते. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय, असे हत्तीवाल्याने साहजिकपणेच विचारले. त्यावर उषस्तीचे सांगणे असे की त्या खाल्ल्या नसत्या तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तेथे मिळू शकते.

या कथेतला उष्ट्याविटाळाचा विचार आपल्याला आज मान्य होण्याजोगा नाही, आणि तो सोडून द्यावा हेच योग्य. पण त्याच्या आत जी दुसरी गोष्ट आहे ती सोडून देण्यासारखी नाही. उषस्तीने आपल्या गरजेची सरहद्द आखली. येथपर्यंत निरुपाय आहे आणि येथून पुढे माझी मर्जी आहे. निरुपायाच्या हद्दीत मी काहीही स्वीकारीन, पण मर्जीच्या हद्दीतले कृत्य निरुपायाच्या खात्यावर लिहिणार नाही. भुकेने व्याकूळ झालेल्या माणसाला ही सीमा दिसावी आणि ती त्याने एका घोटाइतक्या अंतरावर अचूक ओळखावी, यात मला त्याची विद्वत्ता दिसते. आणि कथेचा पुढचा भाग तर याहून जिव्हाळ्याचा आहे: उरलेल्या घुगऱ्या त्याने पत्नीला नेऊन दिल्या, तिला आधीच भिक्षा मिळालेली होती, म्हणून तिने त्या जपून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शिळ्या घुगऱ्या खाऊन तो राजाच्या यज्ञाला चालत गेला आणि तेथे त्याच्या विद्येचा मान झाला. उपनिषदातल्या त्या ज्ञानचर्चेच्या पायाशी एका स्त्रीने पदरात जपलेला मूठभर उष्टा घास आहे.

पदरात जपलेला घास मीही पाहिला आहे. जोडी गेल्यानंतर महिन्याभरातच माझी आजी दुष्काळी कामावर जाऊ लागली. ती घरातली वडीलधारी. बांधावर जाणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हजेरीपटावर अंगठा उठवणे वेगळे, असे मानणाऱ्या पिढीतली. पहिल्या दिवशी ती डोक्यावरून पदर पुढे ओढून, गावाच्या मागच्या वाटेने, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशी गेली. काम खडी फोडण्याचे होते. डाव्या हातात जुन्या टायरचे कडे धरून ते दगडाभोवती बसवायचे, म्हणजे उडालेली कपची डोळ्यांत जात नाही, आणि उजव्या हाताने हातोडीचा घाव घालायचा. दिवसभराच्या ढिगाचे माप घेतले जायचे आणि त्या मापावर रोजगार ठरायचा. जेवणाच्या सुट्टीत गोडसर, भरड सुकडी वाटली जाई. आजी अर्धी खाई आणि अर्धी पदराच्या गाठीला बांधून आणी. संध्याकाळी ती गाठ सोडताना तिच्या बोटांतून खडीची पूड आणि सुकडीचा भुगा एकदमच माझ्या ओंजळीत पडत असे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीची चव मी विसरू म्हणतो तरी विसरत नाही, पण त्या सुकडीतली खर मात्र विसरावीशी वाटत नाही.

आठवड्याभरात एक लहानशी गोष्ट घडली, जिचा अर्थ मला फार उशिरा उमगला. आजी मागची वाट सोडून वेशीतून जाऊ लागली. कामावर तिला दिसले होते की वरच्या आळीची, खालच्या आळीची, जिच्या घरी कालपर्यंत आपण ताक मागायला जात होतो ती, आणि जी आपल्याकडे येत होती तीही, सगळ्या एकाच रांगेत हातोडी घेऊन बसल्या आहेत. माझ्या आईने एकदा तिला हळूच विचारले, "आत्ती, लाज न्हाई वाटत?" आजी म्हणाली, "एकलीला वाटायची, पोरी. हितं समद्याच हायती. आता लाज ज्याच्या कोठारात दाणा हाय त्यानं वाटून घ्यावी." मी शेकड्यांनी व्याख्याने ऐकली, पण गरजेच्या शक्तीविषयी याहून नेमके वाक्य ऐकल्याचे मला स्मरत नाही. बाजारात वडिलांची गरज उपरण्याखाली होती. माळावर आजीची गरज उन्हात, हजेरीपटावर, चारचौघींच्या साक्षीने मांडलेली होती. दोघांची नड एकाच घरची, एकाच रिकाम्या कणगीतून आलेली. पण तिच्यावरचे झाकण निघाले आणि तिचा गुणधर्म पालटला.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर अशी जवळपास ५० लाख माणसे होती. एवढ्या लोकांची गरज एकदम उघड्यावर आल्यावर ती याचना राहूच शकत नाही. मात्र हा पालट एका वर्षात झाला असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरच्या माणसाचा शिधा दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जुजबी रोकड इतका खाली आणला, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या उपाशी मजुरांनी ती कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारदरबारी मांडले. त्याच दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे कायदे तयार झाले, ते इंग्रजी दप्तरात पडून होते. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी त्यांतली कलमे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितली. सारा भरण्याची ऐपत नसेल तर सूट आणि तहकुबी मागणे हा गुन्हा नसून तुझा अधिकार आहे, हे वाक्य कुणब्याने तेव्हा प्रथम ऐकले असेल. त्याआधी आणेवारी ही साहेबाची मेहेरबानी होती.

या वाटेवरचे पुढचे पाऊल टाकले ते वि. स. पागे यांनी. विधान परिषदेच्या सभापतिपदावर असलेल्या या गृहस्थाने १९६५ च्या सुमारास आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी एक लहानसा प्रयोग केला: ज्याच्या अंगात काम करण्याची ताकद आहे आणि ज्याला काम हवे आहे, त्याला काम मिळालेच पाहिजे. बहात्तरच्या वणव्यात या विचाराला राज्याच्या योजनेचे रूप आले, १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी १९७५ पासून पगारदारांवर आणि धंदेवाइकांवर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या एखाद्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारपत्रकावर जी किरकोळ कपात दिसते, तिच्या दुसऱ्या टोकाला माणदेशच्या माळावर बसलेली एक बाई होती. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, पण शहराने तिच्या नडीची नोंद आपल्या हिशेबात घेतली होती. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला, तेव्हा त्याच्यामागे महाराष्ट्रातल्या खडी फोडणाऱ्यांचा अनुभव उभा होता. या कामांतही गैरव्यवहार झाले, मजुरी थकली, मापे खोटी लागली. ते मी नाकारीत नाही. पण खोट्या मापाविरुद्ध तक्रार करता येते ती माप मुळात उघड्यावर घेतले जाते म्हणून. उपरण्याखालच्या मापाविरुद्ध कोणत्या कचेरीत दाद मागावी?

शोधाच्या जननीविषयीही मला हेच दिसते. बहात्तरच्याच काळात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी दख्खनचा काळा पाषाण भेदून गावोगाव विंधणविहिरी घेतल्या जात होत्या, आणि त्यांच्यावर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले जात होते. ते पंप काही दिवसांतच मोडून पडत. त्यांत लबाडी नव्हती; त्यांची घडणच मुळी एका घराच्या गरजेपुरती होती. दिवसातून चार-दोन वेळा एखाद्या कुटुंबाने पाणी उपसावे अशा कल्पनेने बनवलेला तो पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत साऱ्या गावाच्या हाताखाली आला, आणि त्याच्या सांध्यांनी हाय खाल्ली. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत आणि मग सोलापुरात ज्यांनी या दुखण्याकडे लक्ष दिले, त्यांनी पोलाद घेतले, सांधे कमी करून दांडा एकाच आसावर फिरता ठेवला, आणि सोलापूरच्या पंपाचा पाया धरून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क दोन' तयार झाला. पुढे तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोहोचला. आपल्या बायाबापड्यांनी त्याला 'हापसा' म्हटले आणि तेच त्याचे खरे नाव झाले. हा शोध केवळ तहानेतून लागला असे मी म्हणणार नाही, कारण तहान तर हजारो वर्षांची होती. गरज एका घराची नसून गावाची आहे एवढे ज्याला दिसले, त्याला पंपाचा दोषही दिसला.

येथे थांबता आले असते तर बरे झाले असते. पण प्रामाणिकपणाने लिहायचे तर त्याच विंधणविहिरीची पुढची हकीकत सांगितली पाहिजे. जे यंत्र तहानेसाठी आले ते उसासाठी राहिले. एकाने दोनशे फूट नेले म्हणून शेजाऱ्याने तीनशे नेले. जो तो म्हणाला की माझा निरुपाय आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत कोणी नवी विहीर घेऊ नये असा कायदा १९९३ साली झाला, तरी बोअरची गाडी थांबली नाही, आणि ज्या मुलखात बहात्तरला दाणा नसूनही प्यायला पाणी होते, तेथे आज उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. उषस्तीने घुगऱ्या घेतल्या आणि पाणी नाकारले. आम्ही दोन्ही घेतले आणि दोन्ही निरुपायाच्या खात्यावर लिहिले. गरजेची शक्ती ही अशी उतावळी असते की तिला सीमा आखून दिली नाही तर ती हावेच्या हद्दीत केव्हा शिरते ते तिचे तिलाही कळत नाही, आणि शिरल्यावरही ती आपले जुने, करुणा उत्पन्न करणारे नावच सांगत राहते.

ही सीमा आखणारी माणसेही त्याच दुष्काळाने दिली, हे त्यासोबतच सांगायला हवे. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते आणि कारखानदार. बहात्तर साली दुष्काळी कामावरची माणसे पाहून ते अस्वस्थ झाले, आणि पुरंदर तालुक्यातल्या नायगावी १९७४ पासून त्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभला. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मापाने द्यायचे: दरडोई अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. या नियमांकडे मी हिशेबाचे कोष्टक म्हणून पाहूच शकत नाही. गावच्या चावडीवर बसून चार माणसांनी आपापल्या गरजेची हद्द एकमेकांदेखत मान्य करायची, यात मला हत्तीवाल्याच्या दारात उभा असलेला तो उपाशी ब्राह्मण दिसतो. फरक इतकाच की त्याने एकट्याने आखलेली रेषा येथे गावाने आखली.

गरज सोसलेल्या माणसाच्या हाती जेव्हा दुसऱ्याची गरज येते, तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. आपल्या मुलखात याचे एक उदाहरण असे आहे की ज्याच्यापुढे बाकी साऱ्यांनी हात जोडावेत. १६३० च्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याचे दिवाळे निघाले, त्याची पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले. त्याच्या घरी मात्र पिढीजात सावकारीची खतपत्रे होती; गावातल्या कित्येकांची नड त्या कागदांत बंद करून ठेवलेली होती. वसुली करून घर सावरण्याचा मार्ग त्याला व्यवहाराने आणि कायद्याने मोकळा होता. परंपरा सांगते की तुकोबांनी निम्मे रोखे भावाच्या वाट्याला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीच्या डोहात बुडवले. त्यांच्या अभंगांची बुडवलेली वही वर आली, ही कथा लोक भक्तीने सांगतात. मला मात्र जे कागद वर आले नाहीत त्यांचेही तितकेच अप्रूप वाटते. भुकेने ज्याच्या घराचा बळी घेतला, त्याने भुकेच्या नावावर कोणाला बांधून ठेवायचे नाकारले.

असे धैर्य आमच्यासारख्या संसारी माणसांकडून होणे नाही. पण त्याचा एखादा कवडसा साध्या घरातही पडतो. पाऊस आला, दोन पिके हाताला लागली, आणि वडील पुन्हा मला घेऊन त्याच बाजाराला गेले. या वेळी बैल घ्यायला. एका कोपऱ्यात एक शेतकरी देखणा बैल घेऊन उभा होता. बैलाकडे पाहणारे पुष्कळ होते, पण मी पाहिले की वडील त्याच्या मालकाच्या चेहऱ्याकडे पाहत आहेत. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. तो मी याच बाजारात पूर्वी एकदा पाहिला होता. त्या माणसाने पुढे होऊन हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरचे उपरणे काढू लागला. वडिलांनी त्याचा हात हातात घेतला, पण उपरणे घालू दिले नाही.

"उपरणं नगं, पावणं," ते म्हणाले. "उगड्यावर बोला. आदी काय अडचन हाय ती सांगा, आन मंग जनावराचा भाव सांगा. दोनी येगळं ठिवू."

तो माणूस क्षणभर बोललाच नाही. मग त्याने सांगितले: लेकीच्या लग्नाची तारीख धरली होती, आणि घेणेकरी दारात बसला होता. सांगताना त्याचा आवाज दोनदा अडला. वडील थांबून राहिले. मग दोघांनी मिळून बैलाचे दात पाहिले, खूर पाहिले, वशिंडावर हात ठेवला, शेजारच्या दोन शेतकऱ्यांना बोलावून त्या दिवसाचा चालू भाव विचारला, आणि त्या भावाने बैल घेतला. त्याहून एक रुपया कमी नाही की जास्त नाही. परतताना कासरा माझ्या हातात होता. मी मागे वळून पाहिले, तेव्हा तो माणूस नोटा मोजून कनवटीला लावीत होता, आणि त्याचे उपरणे त्याच्या खांद्यावर घडी न मोडता तसेच होते.